मला कुणीतरी बंद करा

अहो, इकडेतिकडे काय बघताय? खाली बघा. तुमच्या पायाखालून बोलतोय मी, या गल्लीच्या तोंडाशी पुरलेला पाण्याचा व्हॉल्व्ह. मला कुणी ओळखत नाही, पण मी फिरलो की तुमच्या नळाला पाणी येतं आणि उलटा फिरलो की तुमची आंघोळ राहते, एवढं ध्यानात असू द्या.

जन्म माझा ओतशाळेतला. लोखंडाचा रस साच्यात पडला, गार झाला आणि मी झालो. अंगाने जाडजूड, डोक्यावर चौकोनी बोंड, पोटात वरखाली होणारा एक पडदा. पडदा वर गेला की पाणी सुरू, खाली आला की बंद. जन्मात कामं दोनच, पण ती चोख करायची, हा माझा बाणा! विटांच्या खड्ड्यात मला बसवलं, वर लोखंडी झाकण ठेवलं आणि माझा संसार सुरू झाला.

रोज सकाळी चावीवाला यायचा. खांद्यावर कमरेएवढी लोखंडी चावी आणि तोंडाने अखंड कुरकुर. झाकण उघडून आधी माझ्यावर खेकसायचा, "काय रे म्हाताऱ्या, फिरतोस ना आज?" मीही जरा आढेवेढे घ्यायचो आणि मग फिरायचो. समोरच्याच दारात शिवणवाल्या काकू राहायच्या, नातीला घेऊन. नातीला सगळी गल्ली चिमणी म्हणायची. मशीन थांबवून काकू ओरडायच्या, "अहो भाऊ, आज जरा जास्त वेळ राहू द्या की पाणी!"

"माझ्या बापाची विहीर आहे का, काकू?" असं म्हणून तो हसायचा आणि थोडं जास्त वेळ राहू द्यायचा.

मग गल्लीला नवा रस्ता मिळाला. लोकांनी हट्टाने मागून घेतलेला. चावीवाल्याचे ते नोकरीतले शेवटचे दिवस. त्याने मला जेमतेम अर्धा फिरवला, तोच रस्तेवाले ओरडले, "चला, बाजूला व्हा!" तो बंद करायला परत येईपर्यंत झाकणावर डांबर पडून वरून रोलर फिरलासुद्धा. माझ्या डोक्यावरून, बरं का! त्याने कचेरीत तक्रार केली, तिथे "बघू" म्हणाले, आणि तो निवृत्त होऊन आपल्या लेकीकडे निघून गेला.

आणि मी राहिलो काळोखात. धड उघडा नाही, धड बंद नाही. कुणाला हाक मारावी म्हटलं तर तोंडावर दगडासारखं डांबर. गाड्या गेल्या की खड्डा हादरायचा. बाहेरचं जग म्हणजे नळांतून माझ्यापर्यंत झिरपणारं घराघरातलं बोलणं, तेवढंच. जीव गुदमरायचा हो.

गल्ली मात्र खूश! मी बंदच होईना, त्यामुळे नळाला दिवसभर पाणी. धार बारीक, पण दिवसभर. नवा चावीवाला झाकण शोधत आला. कचेरीच्या नकाशात मी भलत्याच ठिकाणी होतो. त्याने कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं. इस्त्रीवाला म्हणाला, "झाकण? इथे कुठलं आलंय झाकण?" मग काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "पुढच्या गल्लीत बघा, तिकडे असेल." झाकण सापडलं की हे फुकटचं सुख जाणार, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. माझ्या डोक्यावर उभं राहून गल्लीने मला नाकारलं. राग आला मला, खोटं कशाला बोलू?

बारीक धार पुरेना, म्हणून घरोघरी लोकांनी थेट नळाच्या लाइनीला मोटारी लावल्या. इथेच घात झाला. माझ्यापासून थोडं खाली पाइपचा एक सांधा सैल आहे आणि त्याला खेटून गटाराची फुटकी नळी. पाण्याला जोर असला की त्या सांध्यातून पाणी बाहेर गळतं. पण जोर नाही आणि वरून मोटारी ओढताहेत म्हटल्यावर तोच सांधा गटाराचं पाणी आत घेऊ लागला. मला ते कळत होतं. करणार काय? माझा पडदा अर्ध्यावर अडकलेला.

कुणी म्हणालं, वास येतोय. इस्त्रीवाला म्हणाला, "पाइप जुनी आहे, थोडाफार येणारच." काकूंनी पेला उजेडात धरून पाहिला. "काचेसारखं तर आहे," म्हणाल्या आणि नुसतं फडक्यातून गाळून भरू लागल्या.

आणि चिमणी आजारी पडली. उलट्या, जुलाब, अंगात त्राण नाही. काकू घाबऱ्याघुबऱ्या होऊन तिला पाणी पाजू लागल्या. "पी गं बाळा, अजून घोटभर पी. अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही." पेला संपला की पुन्हा नळ, पुन्हा पेला. प्रत्येक पेला माझ्या पोटातून जात होता! मी आतल्या आत ओरडत होतो, अरे, मला कुणीतरी बंद करा!

पोरीला दवाखान्यात ठेवलं. कपडे न्यायला काकू घरी आल्या, तेव्हा नळाशी उभ्या राहून शेजारणीला म्हणाल्या, "डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? मी तोऱ्यात म्हटलं, नळाचं, आमच्याकडे दिवसभर येतं. आणि म्हणता म्हणताच उमगलं गं, तेच पाणी मी पोरीला पाजत होते."

आज सकाळी फिटर आला, नवा चावीवाला बरोबर होता. "आणखी चार घरांत हेच दुखणं आहे," फिटर म्हणाला. "सांधा सापडलाय, पण पाणी बंद झाल्याशिवाय हात लावता येत नाही. व्हॉल्व्ह कुठे आहे ते सांगा, नाहीतर मोठी लाइन बंद करायची परवानगी येईपर्यंत बसा हेच पीत."

इस्त्रीवाला हळूच म्हणाला, "काकू, आपण उकळून पिऊ. एकदा का हे पाणी गेलं की कायमचं गेलं."

काकू पुढे आल्या आणि त्यांनी पाय आपटला, बरोबर माझ्या डोक्यावर. "इथे आहे. मला पहिल्यापासून माहीत होतं. मी खोटं बोलले. खणा."

पहारी पडल्या. डांबर फुटलं, झाकण निघालं, उजेड आत आला. पण इतके दिवस न हललेला मी, गंजून गच्च! चावीवाल्याने तेल सोडलं, दोघांनी मिळून चावीवर जोर लावला. माझं अंग अंग करकरलं. मोडेन की काय असं वाटलं, पण फिरलो. पडदा खाली, अगदी तळापर्यंत.

आत्ता खाली सांध्याचं काम चाललंय. टाकीकडून येणारं सगळं पाणी माझ्या पाठीला रेटा देतंय. गल्लीत रिकाम्या बादल्या आपटताहेत, आणि त्यात प्रत्येकजण काकूंना काहीबाही सुनावतोय. बाबांनो, शिव्या घालायच्या तर मला घाला, मला सवय आहे. त्या बाईला सोडा. आणि लाइनीवरच्या त्या मोटारी तेवढ्या काढा, हात जोडतो.

मघाशी काकू कपड्यांची पिशवी घेऊन दवाखान्यात निघाल्या होत्या. खड्ड्याशी थांबल्या, वाकून बघत राहिल्या. "भाऊ, थेंबभरसुद्धा जात नाही ना आता?" त्यांनी चावीवाल्याला विचारलं. तो "नाही" म्हणाला, तरी त्यांचा पाय निघेना.

मला त्यांच्याशी बोलता आलं असतं तर म्हणालो असतो, काकू, तुम्ही पोरीकडे जा. इथलं मी बघतो.