एक वीत आणि चार बोटं

डॉक्टरीणबाईंनी पुढे केलेला कागद तिने बाजूला सारला, टेबलावरचा हात पुसायचा टॉवेल उचलला आणि चष्मा काढून टॉवेल डोळ्यांसमोर धरला.

"मोजा."

"काय मोजू, आजी?"

"डोळ्यापासून कापडापर्यंत. एक वीत आणि चार बोटं भरेल. भिंग त्याच मापाचं बसवा."

शेजारी बसलेल्या मुलाने फाईल या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. "आई, घरी ठरलं होतं ना? लांबचं घ्यायचं म्हणून."

"तुझं ठरलं होतं. मी भाजी निवडत होते."

डॉक्टरीणबाई हसल्या. मोतीबिंदू काढल्यावर आत बसतं ते भिंग एकाच अंतरावरचं स्वच्छ दाखवतं, हे त्यांनी पुन्हा समजावलं. लांबचं घेतलं तर रस्ता, माणसं, टीव्ही चष्म्याशिवाय दिसतात; वाचण्यापुरता चष्मा लागतो.

"सगळे लांबचंच मागतात, आजी."

"सगळ्यांना रफू येतं का?"

मुलगा पुढे सरकला. "दोन्हीकडचं दाखवणारंही असतं ना, डॉक्टर?"

"असतं. पण त्यात उजेड वाटला जातो. बारीक फरक जरा पुसट होतात. म्हणजे काळ्या कापडावरचा काळा धागा..."

"मग त्याचं नावच नको," ती म्हणाली.

लहानपणापासून तिला लांबचं दिसत नसे, जवळचं मात्र लख्ख दिसे. शाळेतला फळा म्हणजे नुसता काळा डाग. घरात सगळे हळहळत, पण आत्याने तिचा चष्मा काढून ठेवला आणि रफू शिकवायला तिला खिडकीशी बसवलं. शिवणीच्या आत दडलेल्या कापडातून धागा ओढायचा, आणि एक वर, एक खाली करत जळक्या भोकावर मूळचं विणकाम पुन्हा उभं करायचं. शेवटी गाठ मारायची नाही, धागा घडीत जिरवायचा. पुढे लग्न होऊन ती नवऱ्याच्या लाँड्रीत मागच्या टेबलाशी बसली, ती सेहेचाळीस वर्षं. नवरा गेला, मुलगा गल्ल्यावर आला, तिचं टेबल हललं नाही. गेली दोन वर्षं मात्र डोळ्यांपुढे धुकं होतं. बोटांच्या अंदाजाने ती टाके घालत होती. कामही कमी झालं होतं. लोक हल्ली नवंच घेतात, असं मुलगा म्हणे.

"चष्मा काढलात की समोरच्याचा चेहरासुद्धा पुसट दिसेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चालेल?"

"माणसं आवाजावरून कळतात. धाग्याला आवाज नसतो."

"अगं, रस्ता ओलांडताना..." मुलगा म्हणाला.

"चष्मा घालून ओलांडीन. जन्मभर तेच केलंय."

तिने कागद ओढून सही केली.

ऑपरेशननंतर महिनाभराने डॉक्टरीणबाईंनी कामाला परवानगी दिली, त्याच दिवशी ती मागच्या टेबलाशी जाऊन बसली. लाकडाच्या रेषा, नखाशेजारचे सुईचे जुने ठिपके, सगळं जसंच्या तसं जागेवर होतं.

"आण काम."

"सध्या नाहीये काही," मुलगा म्हणाला.

"मग मागचं केलेलं दाखव. काहीतरी असेलच पडलेलं."

सुनेने इस्त्री उभी करून ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. "दाखवा आता. किती दिवस लपवणार?"

त्याने माळ्यावरून एक गाठोडं काढलं. सात कपडे होते. तिने वरचा काळा कोट घेतला, कोपराशी आली आणि थांबली. तिथे गुठळी होती. धागे वाट फुटेल तिकडे गेले होते.

"हे कुणी केलंय?"

तिने बाही उलटी केली. गाठ नव्हती. धागा घडीत जिरवला होता.

"गिऱ्हाइकांनी परत आणले," मुलगा खाली बघत म्हणाला. "मी त्यांना सांगितलं, आमच्या मशीनमध्ये खराब झाले. म्हणून तर म्हणत होतो लांबचं घे. हे तुला दिसायला नको होतं."

तिने चष्मा घातला. मुलाचा चेहरा बराच वेळ पाहिला. त्याच्या कानामागचे केस पांढरे झाले होते. मग चष्मा काढून तिने टेबलाच्या कडेला ठेवला.

"ब्लेड दे."

"आई, राहू दे ना. लोक विसरले असतील."

"कोटवाल्याला फोन लाव. म्हणावं, मशीन चांगलं आहे. रफूवालीला दिसत नव्हतं. आता दिसतंय. गुरुवारी येऊन कोट घेऊन जा."

"असं कसं सांगू गं त्यांना?"

"जसं मी सांगितलं तसंच. त्यात एक शब्द बदलायचा नाही."

कोपर उजेडाकडे करून तिने पहिला टाका उसवला. सुनेने नंबर शोधून फोन नवऱ्याच्या हातात दिला.