तयार ठेवलेली पाकिटं

मला चौकशीची खोड आहे. सासूबाईंच्या मते मला स्वतःच्या ताटाआधी दुसऱ्याचं ताट दिसतं. माझ्या औषधाच्या दुकानात मात्र ही खोड कामाला येते. खोकल्याचं औषध दर आठवड्याला कोण नेतं, झोपेच्या गोळ्या चार दिवस आधीच कोण मागतं, सगळं आपोआप लक्षात राहतं.

गल्लीच्या टोकाला शिवणकामाचं दुकान आहे. तिथले मास्तर साठीचे, एकटे राहणारे, कमालीचे भिडस्त. बायको गेल्यावर त्यांचं कशातच मन लागेना. कापड पुढ्यात घेऊन नुसते बसून राहायचे. शेवटी लेकीनं डॉक्टरांकडे नेलं आणि उदासीवरच्या गोळ्या सुरू झाल्या. चार लोकांत त्यांना गोळ्यांचं नाव घ्यावं लागू नये, म्हणून मी दर महिन्याचं पाकीट आधीच बांधून ठेवायचे. ते आले की न बोलता पुढे सरकवायचे, ते मान हलवून निघून जायचे. या पद्धतीचं मला स्वतःचंच फार कौतुक होतं.

सुरुवातीला एक तक्रार तेवढी आली. "ताई, या गोळ्यांनी तोंड पार कोरडं पडतं. दोऱ्याचं टोकसुद्धा जिभेवर ओलं होत नाही, सुई ओवायची कशी?" मी चघळायच्या बिनसाखरेच्या गोळ्या दिल्या आणि मशीनजवळ पाण्याची वाटी ठेवायला सांगितली.

एका शुक्रवारी दुपारी माझा पांढरा कोट खांद्यात उसवला, म्हणून मी त्यांच्याकडे गेले. मास्तरांनी दोरा तोडला, टोक जिभेवर फिरवलं आणि एका झटक्यात सुई ओवली. वाटी कुठे दिसेना. माझ्या मनात पाल चुकचुकली. कोरडेपणा सवयीनं कमी होतो कधीकधी, नाही असं नाही. पण चघळायच्या गोळ्याही त्यांनी बरेच दिवस मागितल्या नव्हत्या.

"मास्तर, गोळ्या चालू आहेत ना?"

"नेतो की दर महिन्याला."

"नेता ते मला माहीत आहे. घेता का?"

त्यांनी आणखी दोन टाके घातले. मग उठून बटणांचा खण उघडला. आत माझ्या अक्षरातली तीन पाकिटं होती, एकही न फोडलेलं.

"बरं वाटायला लागलं म्हणून सोडल्या," ते म्हणाले. "पुढे परत बिनसलं. पण तुम्ही इतक्या आठवणीनं बांधून ठेवता, नको कसं म्हणायचं?"

भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त माझा. तीन महिने मी माणसाकडे न बघता पाकीट सरकवत होते. एवढ्या गोळ्या एकदम पोटात गेल्या तर काय होतं, हे त्या गल्लीत माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आता पुढचा प्रश्न मलाच विचारायचा होता. औषधविक्रेत्यांच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, आडवळणानं विचारू नका, विचारल्यानं कोणी मरायला निघत नाही. वर्गात बसून ते सोपं वाटलं होतं.

"मास्तर, जीव द्यायचं मनात येतं का?"

बाहेर कोणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती. मास्तरांनी माझ्या कोटाची नीट घडी घातली.

"रविवारी," ते म्हणाले. "लेक आलीय चार दिवस. रविवारी सकाळच्या गाडीनं परत जाईल. त्यानंतर."

 आवाज जमेल तेवढा साधा ठेवून मी म्हटलं, "ही पाकिटं मी नेते. आणि आपण आत्ताच डॉक्टरांकडे जातोय."

"तुमचं दुकान उघडं आहे."

"राहू दे. मदतनीस आहे तिथे."

ते मुकाट्यानं चपला घालायला लागले. नको म्हणता येत नाही, याचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

डॉक्टर त्यांच्याशी तासभर बोलले. औषध बदललं, एका वेळी आठवड्याचंच द्यायचं ठरलं, आणि एकटं राहायचं नाही, लेकीला आजच सगळं सांगायचं, असं बजावलं. मी सांगू का, असं मी विचारलं. "माझं मी सांगतो," मास्तर म्हणाले. सांगतो म्हणाले खरे, पण ज्याच्या तोंडून कधी नाही निघत नाही, त्याच्या होकारावर किती भरवसा ठेवायचा? शनिवारी मी तीनदा त्यांच्या दुकानावरून गेले. तिन्ही वेळा ते मान खाली घालून शिवत होते. लेकीला सांगितलं का, ते विचारायचा धीर झाला नाही. मला, आणि विचारायचा धीर नाही!

रविवारी गाडीची वेळ होताच मी त्यांच्या घरी पोहोचले. बेल वाजवली. कोणी येईना. मन चिंती ते वैरी न चिंती. परत वाजवली, मग दारावर थापा मारल्या.

दार लेकीनं उघडलं. केस ओले, खांद्यावर टॉवेल.

"तुमची गाडी?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"नाही गेले. बाबांनी थांब म्हटलं." तिचे डोळे रडून सुजलेले होते. "आजवर त्यांनी माझ्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं हो."

आतून मास्तरांनी झोपाळलेल्या आवाजात कोण आलंय म्हणून विचारलं.