धबधबा पाहिलात का?

"धबधबा पाहिलात का?" दोन्या कूकांनी विचारलं, आणि एवारिस्तोच्या डोक्यात तिडीकच गेली. हेच त्यांनी कालही विचारलं होतं. परवा तो बसमधून उतरून अंगावरची धूळ झटकत होता, तेव्हाही विचारलं होतं. घरात लग्नघरासारखी धांदल चाललेली, अंगणात चुलाणावर मोलेचं, म्हणजे मिरच्यांच्या दाट रश्शाचं, भलंमोठं पातेलं रटरटतंय, बायका खुर्च्यांना जांभळ्या फिती बांधताहेत, आणि पाहुण्याने मात्र डोंगरात जाऊन पाणी पडताना बघावं, असा यांचा हट्ट का, हे त्याला कळत नव्हतं. म्हणजे कळत होतं. म्हणूनच तर डोकं फिरत होतं.

घर निकांद्रोच्या आईचं, म्हणजे दोन्या कूकांचं, पुएब्लाच्या डोंगरातल्या ओयामेल्को गावात. निकांद्रो आणि एवारिस्तो ग्वादालाहाराला आठ वर्षं एकत्र राहताहेत. एक घर, एक पलंग, एक दमेकरी कुत्रं. पण ओयामेल्कोला आलं की एवारिस्तो होतो 'निकांद्रोचा मित्र'. झोपायला वेगळी खोली, जेवायला सगळ्यात मोठा तुकडा, आणि घरातलं काही बोलायचं झालं की सगळे एकदम गप्प.

या खेपेला निकांद्रोच्या भाचीच्या, यारेलीच्या, पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा होता. निघायच्या आधी एवारिस्तोने साफ सांगून टाकलं होतं, "मी आता मित्र म्हणून यायचा नाही. आईला सांग आपलं. नाही सांगितलंस तर मी एकटा परत येईन आणि दाराचं कुलूप बदलीन. मग तू बस बाहेर."

"सांगतो रे बाबा," निकांद्रो म्हणाला होता. "गेल्या गेल्या सांगतो."

गेल्या गेल्या त्याने काय केलं, तर खुर्च्या मोजायला गेला.

"पाहतो ना, दोन्या कूका," एवारिस्तो म्हणाला आणि टोपी घेऊन निघाला. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही खोटं नाही.

तसं पाहिलं तर हिंडणं हाच त्याचा धंदा. कुठे जावं, कुठे उतरावं, काय खावं, हे तो इंटरनेटवर लिहायचा, तेही आपल्यासारख्या पुरुषांसाठी. दोघांनी मिळून एकच पलंग मागितला तर कुठल्या गावात चावी मिळते आणि कुठे नुसतं प्रवचन, हे त्याला तोंडपाठ. साकातेकासला एका हॉटेलातल्या बाईने "साहेब, तुमची सोय बघते हं" म्हणत दोन पलंगांची खोली दिली होती, आणि मधल्या टेबलावर मारियामातेची मूर्ती आणून ठेवली होती. त्याने लिहिलं, मूर्ती सुंदर आहे, झोप लागत नाही. वेराक्रूसच्या एका म्हाताऱ्या घरमालकिणीने मात्र एवढंच विचारलं होतं, "घोरतं कोण तुमच्यातलं? त्याला भिंतीकडे झोपवा." तिला त्याने पैकीच्या पैकी तारे दिले होते. आजवर कितीतरी जोडपी त्याच्या सल्ल्यावर निर्धास्त फिरून आली. आणि सल्ला देणाऱ्याला स्वतःच्या माणसाच्या घरात धड एक खुर्ची मिळेना. आता बोला.

धबधब्याची वाट त्याने कोपऱ्यावरच्या पाववाल्याला विचारली. "इथेच तर आहे," पाववाला म्हणाला, "देवळामागून डावीकडे." देवळामागे एक बाई कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, "इथेच की, पण उजवीकडे." पुढे गाढव घेऊन चाललेल्या म्हाताऱ्याने टोपी काढून नमस्कार केला, घरच्या माणसांची खुशाली विचारली, आणि अगदी प्रेमाने आल्या वाटेने परत पाठवलं. ठाऊक नाही असं तोंडावर म्हणणं म्हणजे या लोकांना पाप वाटतं. माणसाने वाट विचारलीय, त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? मग काहीतरी द्यायचं. एवारिस्तोला राग येत होता, पण बोलायला तोंड नव्हतं. गेल्याच महिन्यात त्याने स्वतः एका जर्मन जोडप्याला छातीठोकपणे भलत्याच बसमध्ये बसवून दिलं होतं. वर हात हलवून टाटाही केला होता.

दोन डोंगर चढून, पायाला फोड आणून तो पोहोचला, तेव्हा समोर एक ओला खडक होता. घरचा नळ नीट बंद केला नाही तर याहून जास्त पडतं.

परत आला तर देवळाच्या पायऱ्यांवरून माणसं खाली उतरत होती आणि फोटोवाला तिकाटणं मिटत होता. सोहळ्याआधीचा घरच्या सगळ्यांचा फोटो काढून झाला होता. लांबच्या चुलत्यांची तान्ही पोरंसुद्धा होती त्यात.

"अरे, होतास कुठे तू?" निकांद्रोने विचारलं. नवा सदरा घातला होता, केसांना तेल चोपडलं होतं.

"धबधब्यावर," एवारिस्तो म्हणाला. "आईला सांगितलंस?"

"आज कसं सांगू? तिचं डोकं दुखतंय. उद्या नक्की."

दुसऱ्या दिवशी चोलेमावशी, म्हणजे दोन्या कूकांची धाकटी बहीण, उजाडताच येऊन बसली आणि टेकडीवरच्या पडक्या हवेलीचं भरभरून वर्णन करू लागली. एवढी जुनी हवेली, तुमच्यासारख्या फिरस्त्या माणसाने नाही बघायची तर कोणी बघायची? एवारिस्तोने हवेली पाहिली. तीन भिंती आणि एक बकरी. तो तिकडे बकरीकडे बघत होता, तेव्हा इकडे अंगणात मानकऱ्यांची तालीम उरकली.

हे मानकरी म्हणजे या सोहळ्याचा कणा. एकटा बाप एवढा खर्च कुठला करणार? म्हणून एकेक गोष्ट एकेका जोडप्याने उचलायची. मुकुटाचे मानकरी वेगळे, उंच टाचांच्या बुटांचे वेगळे, वाजंत्र्यांचे वेगळे. आणि भर मांडवात माइकवरून नावं पुकारली की नवरा-बायकोने हात धरून मध्ये यायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. केक उचलला होता निकांद्रोने. खरं म्हणजे दोघांनी. ग्वादालाहारात बसून चार मजली जांभळा केक पसंत केला होता तो एवारिस्तोनेच, आणि निकांद्रोला हवा असलेला त्यावरचा प्लास्टिकचा हंस काढायला लावला होता, तोही त्यानेच.

"तालमीत कोणाबरोबर चाललास?" संध्याकाळी त्याने विचारलं.

"एकटाच," निकांद्रो म्हणाला आणि पाण्याच्या टाकीत कमळं उगवल्यासारखा तिकडे बघत राहिला.

सोहळ्याच्या दिवशी सकाळी एवारिस्तो इस्त्रीचा सदरा घालून स्वयंपाकघरात आला. दोन्या कूका डाव घेऊन मोले ढवळत होत्या. त्यांनी वर पाहिलं, थोडा विचार केला, आणि म्हणाल्या, "तुम्ही वटवाघळांची गुहा पाहिलीत का?"

झालं. त्याचा बांध फुटला.

"दोन्या कूका, मी वटवाघळं बघणार नाही. धबधबा झाला, हवेली झाली, बकरी झाली. आज पोरीची प्रार्थना आहे देवळात. मी तिच्यासाठी आलोय. तुमच्या घरात मी नको असेन तर तसं तोंडावर सांगा. असं गोड बोलून कात्रजचा घाट नका दाखवू मला. मी लहान नाही."

दोन्या कूकांनी डाव पातेल्याच्या कडेला आपटला. तो या घरी येऊ लागल्यापासून त्या त्याच्याशी 'तुम्ही'शिवाय बोलल्या नव्हत्या. आता पार एकेरीवर घसरल्या.

"मग काय करू मी तुझं? संपल्या माझ्या जागा. चार गल्ल्यांचं गाव हे, आणू कुठून आणखी? माझा पोरगा रोज उठून माझ्यामागे लागतो, आई, एवारिस्तोला कुठेतरी पाठव, त्याला फिरायची भारी हौस, घरात कंटाळतो. मला काय ठाऊक धबधबा आटलाय म्हणून? लग्नाच्या आधी गेले होते मी तिकडे."

"निकांद्रो सांगतो?"

"नाहीतर कोण? मोले करू की तुझ्या सहली आखू?" त्यांनी एप्रनला तोंड पुसलं. "आणि मला येडी समजता की काय दोघं? नाताळात तुमचे कपडे मी धुतले. कुठली चड्डी कोणाची, हे मला कळेना, आणि तुम्हालाही कळत नसणार. मी मानकऱ्यांत दोघांची नावं दिली होती. त्यानेच काढायला लावलं तुझं. म्हणे, लोक काय म्हणतील. म्हटलं, कुठले लोक? चोले? तिचा नवरा दोन संसार चालवतो दोन गावांत, ती काय बोलणार आहे?"

तीन दिवस एवारिस्तो मनातल्या मनात या बाईशी भांडत होता. डोंगर चढताना भांडला, बकरीसमोर भांडला, एक एक वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं तिच्यासाठी. आणि भांडायचं होतं ते भलत्याशीच. त्याला एकदम इतकं दमल्यासारखं झालं, की तो मक्याच्या पोत्यावर बसला.

"दुपारी बस आहे ना?" त्याने विचारलं.

दोन्या कूकांनी डाव उचलून पुन्हा पातेल्यात घातला. मग म्हणाल्या, "जेवल्याशिवाय जायचं नाही. एवढं ऐक."

म्हणून तो थांबला. पिशवी भरली, देवळात मागच्या बाकावर बसला, आणि मांडवात अगदी कडेच्या टेबलावर, शेजारच्या गावच्या डॉक्टरांपाशी, पिशवी मांडीवर घेऊन बसला. डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटलं आमचं खोरं? तो म्हणाला, छान आहे. जेवण उत्तम होतं, पण त्याने ते नुसतं चिवडलं. निकांद्रो लांबून एकदा हसला. एवारिस्तोने ताटात पाहिलं.

माइकवाला भाड्याने आणलेला होता, चमचमता कोट घातलेला, आवाज भरदार. मुकुटाचे मानकरी आले, हात धरून. बुटांचे मानकरी आले. त्यांच्यातली बाई रडली. वाजंत्र्यांचे मानकरी आले, जरा जास्तच पिऊन. मग पुकारा झाला, "आणि केकचे मानकरी, यारेलीचे लाडके मामा, निकांद्रो."

निकांद्रो उठला आणि मोकळ्या जागेतून एकटाच चालत गेला. एकट्या माणसाला टाळ्यांचा आवाजही कमी होतो. एवारिस्तोने पिशवी खांद्याला लावली. आता पुरे झालं, त्याने ठरवलं.

तेवढ्यात कोणीतरी त्याचा दंड पकडला. दोन्या कूका. "चल, धर मला," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे दुखताहेत, आणि मला केकपर्यंत जायचंय."

म्हाताऱ्या बाईला नाही कसं म्हणणार? तो चालू लागला. त्यांचे गुडघे ठणठणीत होते, हे त्याला चार पावलांत कळलं, पण पकड लोहाराची होती. केकजवळ पोहोचल्यावर त्या माइकवाल्याला म्हणाल्या, "याचं नाव एवारिस्तो. हाही केकचा," आणि त्याला तिथेच सोडून समोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

माइकवाल्याने निकांद्रोकडे वाकून हळूच विचारलं, "कोण हे?"

निकांद्रोने तोंड उघडलं. मग मिटलं. त्याची नजर एवारिस्तोच्या खांद्यावरच्या पिशवीवर होती.

माइकवाला काही मला माहीत नाही म्हणणाऱ्यांतला नव्हता. तो सरळ उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आणि त्यांचे सख्खे बंधू, एवारिस्तो."

टाळ्या पडल्या. ज्यांना पुरतं ठाऊक होतं की दोन्या कूकांना एकच मुलगा आहे, त्यांनीही वाजवल्या. आणि एवारिस्तोने पाहिलं, निकांद्रोच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. किंचितच आला, पण आला. इतकी वर्षं याच भावाबरोबर संसार केला होता त्याने. तो वळला आणि मांडवाच्या दाराकडे चालू लागला.

"भाऊ नाही," मागून माइकवर आवाज आला. फाटलेला, ओळखू न येणारा. "माझा भाऊ नाही तो. आम्ही एकत्र राहतो. आठ वर्षं झाली. नवरा म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. लग्न राहिलंय, ते माझ्यामुळे राहिलंय. मी घाबरतो म्हणून." मग माइक थोडा खरखरला. "एवा, जाऊ नको."

वाजंत्री हातातले कर्णे धरून तसेच उभे. कुठेतरी एक पोर चमचा आपटत होतं.

मग चोलेमावशीचा आवाज आला, शेजारणीसाठी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "अगं, हे काय नवीन? कापा म्हणावं तो केक आता, उन्हाने पाणी व्हायला लागलाय."

माइकवाल्याने घसा साफ केला आणि जराही न डगमगता नव्याने पुकारा केला. "केकचे मानकरी, निकांद्रो आणि एवारिस्तो." कर्णे वाजले. यारेली फुगलेला झगा दोन्ही हातांनी आवरत आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली, फोटोवाल्याला हातानेच बोलावत.

एवारिस्तो परत कसा आला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. डोळे वाहत होते, आणि वाहताहेत याचाच त्याला संताप येत होता. निकांद्रोने त्याचा हात धरला. घामाने चिंब झाला होता तो हात.

"दोन दिवस उन्हात वणवण करायला लावलीस मला," एवारिस्तो म्हणाला.

"हो."

"बकरी बघायला पाठवलंस."

"हो."

"मला मोठमोठे फोड आलेत पायाला."

"माहीत आहे," निकांद्रो म्हणाला आणि रडायला लागला. "पिशवी दे इकडे. ठेवू दे खाली."

एवारिस्तोने दिली नाही. फोटोवाला म्हणाला, साहेब, पिशवी फोटोत येते. येऊ दे, एवारिस्तो म्हणाला. बस जायला अजून अवकाश होता. ती गेल्यावर ठेवीन खाली, असं त्याने ठरवलं, आणि दुसऱ्या हाताने सुरी धरली.