दहावा पेशंट

शहाऐंशी साली आम्ही नाहूरला एका बैठ्या चाळीत राहायचो. माझे बाबा, दशरथ, गिरणीचा संप झाल्यावर भांडुपच्या वर्कशॉपात कामाला लागले होते. मी मुलुंडच्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. करत होते. दिवाळीनंतर बाबांना वर्कशॉपचा जिना चढताना दम लागायला लागला. तपासण्या झाल्या आणि हृदयाची झडप आखडल्याचं निघालं. ऑपरेशनला पर्याय नव्हता. डॉक्टर म्हणाले, दहातले नऊ पेशंट यातून नीट बाहेर पडतात.

बाबा तयार झाले. आई मात्र वॉर्डातल्या बायकांशी बोलून घरी आली ती तोंड पाडूनच. तिथे नुकतीच ओळीने नऊ ऑपरेशनं झाली होती आणि नऊही जण सुखरूप होते.

"मगे धावो ह्यांचोच," आई म्हणाली. दगावणारा दहावा आता बाबाच, असं तिने धरलं होतं. "मी व्हय म्हणूचंय नाय."

आमच्या वर्गात तेव्हा प्रॉबॅबिलिटी, म्हणजे नेमकं हेच, चालू होतं. मी उत्साहाने चार आणे काढून जमिनीवर उडवायला बसले. आधी काय पडलं याच्याशी पुढच्या वेळचा काही संबंध नसतो, हे तिला दाखवायचं होतं. चार वेळा ओळीने छापा पडला. आई म्हणाली, आता काटा. आणि काटाच पडला. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, उठून तांदूळ निवडायला घेतले. माझं सगळं शिक्षण तिथेच वाया गेल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात शेजारची चंपा बाबांची चौकशी करायला आली. कडेवर तिची धाकटी, जया. चंपाला आधीच्या तीन मुली होत्या. चौथ्या खेपेला आता मुलगाच, असं अख्खी चाळ छातीठोकपणे सांगत होती. आईने तर आधीच टोपडं शिवून ठेवलं होतं. जया तेच टोपडं घालून आली होती.

चंपा गेल्यावर आई बराच वेळ सुपात बोटं फिरवत राहिली.

"चंपाक मीच सांगलेलंय," ती हळूच म्हणाली, "आता झीलच होतलो म्हणून."

मग तिने बाबांना विचारलं, कधी ॲडमिट व्हायचंय.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात बाबांनी मला जवळ बसवून विचारलं, "सुलू, मी त्या नवातला की उरलेला एक?"

"ते गणितात कळत नाही, बाबा. ते पुष्कळ जणांबद्दल सांगतं, एकट्याबद्दल नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. "कळलं असतं तर झोप लागली नसती." आणि खरंच झोपले.

ऑपरेशन नीट झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी त्यांना रोज थोडं चालायला सांगितलं, म्हणून संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर नाक्यापर्यंत जायचे. तेव्हा वर्गात रँडम व्हेरिएबल सुरू झालं होतं. ते काय असतं, असं बाबांनी विचारलं. मी म्हटलं, वाटेत ओळखीची किती माणसं भेटतील, तो आकडा. आधी सांगता येत नाही, पण पुष्कळ दिवस मोजलं तर सरासरी कळते. मग निघताना ते अंदाज सांगायचे आणि भेटलेल्या प्रत्येकाशी थांबून बोलायचे. माझा अभ्यास राहायचा. परत यायला दिवेलागण व्हायची, आई दारात उभी असायची, आणि बाबा तिला आधी त्या दिवशीचा आकडा सांगायचे.