सयाजीची वीत

"लॉरीचा फॅनबेल्ट द्या, पंत. साताऱ्याला न्यायचाय, सयाजीदाजींच्या शेडवर," लॉरीवाला जोतिबा म्हणाला आणि चिंतामणरावांचा शिडीवरचा पाय तिथेच थांबला. ज्याला आपण उत्तर दिले नाही, ते पत्र त्यांना आठवले. आठवले म्हणायचे ते उगीच, कारण ते विसरले कधीच नव्हते. चार महिने ते पत्र जॅकच्या कॅटलॉगात, चौतिसाव्या पानावर, घडी करून पडले होते. चार महिने त्या पानाला हात लावायचे त्यांनी टाळले होते.

सांगलीच्या त्या मोटारसामानाच्या दुकानात चिंतामणराव अठरा वर्षे सामान सांभाळत होते. मोटारीखाली ते कधी गेले नव्हते आणि मोटारीत बसायचा योगही वर्षाकाठी एकदोनदाच येई. पण विलायती कॅटलॉगे त्यांनी पोथीसारखी वाचली होती. कराडचे, जतचे, साताऱ्याचे मिस्त्री त्यांना काही विचारायला येत. चिंतामणराव चष्मा पुसत, पान तीनदा बघत, मग सांगत. सांगून झाले की घरी जाताना वाटभर त्यांना वाटे, आपण चुकलो तर नाही ना?

सयाजीचे पत्र ज्येष्ठात आले होते. साताऱ्याचा हा मिस्त्री लढाईत पलटणीच्या मोटारींवर होता, तिथेच लिहायला शिकला. अक्षरे मोठी, एकेक सुटी.

'पंतांस सयाजीचा रामराम. हितल्या डाक्टरांनी बुटकी गाडी आणली हाय. पोट भुईला घासतंय. माझा पलटणीतला उभा जॅक खाली शिरत न्हाई. फुडच्या आसाखाली माझी एक वीत, त्यातली तीन बोटं कमी, येवढीच जागा हाय. चाकावरचा आडवा जॅक मिळतो म्हनं. कंचा घ्यावा ते बुकात बघून कळवावं. तुमी सांगाल तो घेईन.'

लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेल्या मालातले दोन आडवे जॅक तेव्हा नुकतेच दुकानात आले होते. एक पाच टन उचलणारा. बसका केला तरी सहा इंच उंच राही. दुसरा दीड टनाचा, चार इंचांपर्यंत वाकणारा. चिंतामणरावांनी टेबलावर आपली वीत टाकून तिला फूटपट्टी लावली. आठ इंच. त्यातली तीन बोटे गेली की पावणेसहा. म्हणजे सहाचा शिरायचा नाही. पण सयाजी तालमीत वाढलेला गडी. त्याची वीत नऊची असली, साडेनवाची असली, तर सहाचा सहज शिरेल. आणि घेणार तो एकच. चार इंचांचा घ्यायला सांगावे तर लॉऱ्यांच्या कामाला तो पुरायचा नाही, आणि सहाचा सांगावा तर...

'तुमची वीत किती इंचांची?' एवढेच विचारायचे होते. त्यांनी कार्ड लिहिले आणि फाडले. सयाजी म्हणेल, अठरा वर्षे पुस्तके वाचून या माणसाला एवढेही कळत नाही? चार दिवस गेले, मग पंधरा. मग उशीर का झाला तेही लिहायला हवे होते, आणि सांगण्यासारखे कारण सापडेना. पत्र पानात राहिले.

"सयाजीराव कसे आहेत?" शिडीवरूनच त्यांनी विचारले.

"बरं हायती म्हनायचं. करंगळी गेली नव्हं का. दोन पेरं."

"कशाने?"

"त्या डाक्टराच्या बुटक्या गाडीपायी. जॅक शिरंना, तर पहारीनं उचलून खाली लाकडी ठोकळं लावत हुते. ठोकळा सटकला. उजवा हात. झालं की दोन म्हयनं." जोतिबाने हाताची घडी घातली. "काम करत्यात, खरं नट सुटतोय हातातनं. म्हनत हुते, पंतांना चिठ्ठी धाडलेली, ती टपालात गहाळ झाली आसंल."

चिंतामणराव शिडीवरून उतरले. त्यांनी फॅनबेल्ट कागदात बांधला, सुतळी सोडली आणि पुन्हा बांधला.

त्या दुपारी त्यांनी चौतिसावे पान उघडले. पत्र बाजूला केले. पत्राच्या घडीखाली पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक टीप होती. गाडीखालची उंची हवा नसलेल्या चाकावर मोजावी. चिंतामणराव ती टीप बराच वेळ बघत राहिले. सयाजीचे पत्र आपणच तिच्यावर ठेवून दिले होते. सयाजीने भरल्या चाकावर मोजले असणार. म्हणजे वीत नऊची आहे हे ठाऊक असते, तरी सहाचा हे उत्तर चुकलेच असते.

संध्याकाळी त्यांनी मालकांकडे एका दिवसाची रजा मागितली. भाऊसोंनी पान तोंडात घोळवत त्यांच्याकडे पाहिले.

"कुनाचं लगीन काढलंसा, पंत?"

"नाही. साताऱ्याला जाऊन यायचं आहे. मोजायचं आहे जरा."

"आख्खा सातारा मोजताय का काय?" भाऊसो हसले. "जाताच हाय तर त्या सयाजीला सांगा, पाच टनी घे म्हनावं. हत्ती उचलंल."

"हत्तीखाली जागा असते," चिंतामणराव पुटपुटले. भाऊसोंना ते ऐकू गेले नाही. जाईल असे चिंतामणराव कधी बोलतच नसत.

सर्व्हिस मोटारीने ते कराडमार्गे साताऱ्याला पोचले तेव्हा ऊन चढले होते. पोवई नाक्याजवळ सयाजीची पत्र्याची शेड होती. शेडसमोर ती गाडी उभी होती. लाल, दोन माणसांची, घोरपडीसारखी जमिनीला चिकटलेली. सयाजी तिच्यापाशी उकिडवा बसला होता. पंतांना बघून तो उठला आणि उजवा हात खांद्यावरच्या फडक्यात पुसता पुसता तिथेच राहू दिला.

"आवं पंत, तुमी? वाट चुकला का काय?"

"नाही. गाडी बघायला आलो."

"साळू, च्या टाक गं. सांगलीचं पंत आल्यात," त्याने आत बायकोला हाक दिली.

चिंतामणरावांनी पिशवीतून फूटपट्टी काढली. घसा साफ केला. "सयाजीराव, पुढच्या चाकातली हवा काढता का?"

"आँ? चांगलं फुगल्यालं चाक हाय की."

"जॅक कधी लागतो तुम्हाला?"

"चाक बसल्यावर," सयाजी म्हणाला. गाडीकडे, मग पंतांकडे पाहून तो मोठ्याने हसला. "ऐकलंस का गं? पलटणीत चार वर्सं घासली, ह्ये कुनी सांगिटलं न्हाई."

"पुस्तकात आहे. तळाला, बारीक अक्षरात."

चाक सुसकारा टाकत बसले. गाडी त्या बाजूला कलली. सयाजी पट्टी घ्यायला पुढे झाला, पण चिंतामणरावांनी ती दिली नाही. त्यांनी टोपी आणि चष्मा काढून बॉनेटवर ठेवला, चष्मा पुन्हा घातला, धोतराचा सोगा खोचला आणि ते मातीत आडवे झाले.

"पंत, आवं, पांढरं धोतार हाय. ऱ्हाऊ द्या की."

चिंतामणराव आत सरकले. अठरा वर्षे ज्या भागांची नावे ते सांगत आले होते, ते सगळे त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर होते. ग्रीसचा वास येत होता. कॅटलॉगातल्या चित्रापेक्षा सगळे जास्त मळलेले आणि जास्त जवळ होते. त्यांनी पट्टी आसाखाली उभी धरली.

"कुटवर आलं?"

"साडेचार."

"मग सहाचा घेतला आस्ता तर?"

"शिरला नसता."

ते बाहेर आले तेव्हा साळूबाई चहा घेऊन उभी होती. त्यांच्या पाठीची माती बघून तिने पदर तोंडाला लावला. सयाजीने डाव्या हाताने कप घेतला.

"आता मोजायचीबी पंचाईत झाली, पंत," तो म्हणाला आणि फडक्यातून उजवा हात काढून त्याने पंजा पसरला. अंगठा टोकापर्यंत ताणला गेला. दुसऱ्या टोकाला काही नव्हते. "वीत ऱ्हायली न्हाई. डावीनं मोजतो. खरं हाताला सवय न्हाई तिची."

चिंतामणरावांनी त्याच्या डाव्या वितीला पट्टी लावली. नऊ इंच आणि वर एक दोरा, म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"तुमास्नी चिठ्ठी मिळाली आस्ती तर ह्यो परसंगच आला नस्ता," साळूबाई म्हणाली. "ह्यांनी त्या टपालवाल्या आकारामला लय शिव्या घातल्या. चारचौघांत. गरीब हाय बिचारा. आजून आमच्या दारावरनं जाताना मान खाली घालून जातोय."

"मग? चिठ्ठी त्यानंच न्हेलती," सयाजी म्हणाला. "पंत उत्तर देत न्हाईत आसं कवा झालंय?"

चिंतामणरावांनी तोंड उघडले. जे बोलायचे ते जिभेवर होते. तेवढ्यात साळूबाईने कपात आणखी चहा ओतला, सयाजी म्हणाला, "घ्या की, गार हुईल," आणि त्यांनी चहा घेतला. परतीच्या मोटारीची वेळ झाली. सयाजी नाक्यापर्यंत पोचवायला आला. "कंचा घ्यायचा ते सावकाश कळवा," तो म्हणाला. चिंतामणरावांनी मान हलवली. कराड येईपर्यंत त्यांनी खिडकीबाहेर पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हते. त्यांनी कागद घेतला. पहिल्या कागदावर 'कामाच्या व्यापामुळे' असे लिहिले आणि तो फाडला. दुसऱ्यावर 'काही कारणाने' लिहिले आणि तोही फाडला. तिसऱ्यावर लिहिले:

'रा. सयाजीराव यांस नमस्कार. आपले ज्येष्ठातले पत्र मला तिसऱ्या दिवशी मिळाले होते. टपालाचा दोष नाही. आकारामला हे पत्र वाचून दाखवावे, ही विनंती. आपली वीत किती इंचांची हे मला ठाऊक नव्हते आणि विचारायची लाज वाटली, म्हणून उत्तर दिले नाही. दुसरे कारण नाही. काल समोर बसूनही सांगता आले नाही.

दीड टनाचा, चार इंचांपर्यंत वाकणारा घ्यावा. किती उचलतो हे मागाहून बघावे, किती वाकतो हे आधी बघावे. लॉरीसाठी पलटणीतला आहेच. यापुढे माझा सल्ला घ्यावा की न घ्यावा, हे आपण ठरवावे.'

सही करून ते थांबले. मग आणखी एक कागद घेऊन त्यांनी त्यावर आपला उजवा हात पसरला आणि टाकाने त्याच्या कडेकडेने रेघ ओढली. अंगठ्यापासून निघून, प्रत्येक बोट चढत उतरत, करंगळीपर्यंत. हात हलू नये म्हणून श्वास धरला होता, तरी टाक डाव्या हातात असल्याने रेघ थरथरलीच. दोन टोकांमध्ये त्यांनी पट्टीने सरळ रेघ मारली आणि खाली लिहिले, 'ही माझी वीत. बरोबर आठ इंच. कागद कापून जवळ ठेवावा. मोजून लिहाल ते मला कळेल.'

"पंत, काय पोरागत चित्रं काढाय लागलाय?" भाऊसोंनी गादीवरून विचारले.

"उत्तर लिहितोय," चिंतामणराव म्हणाले. या वेळी ते भाऊसोंना ऐकू गेले.

पाकीट चिकटवून ते टपाल कचेरीपर्यंत चालत गेले. पेटीच्या तोंडाशी त्यांनी पत्ता एकदा वाचला. तीनदा वाचायची सवय होती, पण एकदाच वाचला आणि पाकीट सोडून दिले. आत ते पडल्याचा आवाज आला.

परतताना त्यांनी उजव्या हाताकडे पाहिले. करंगळीच्या टोकाला शाई लागली होती. दुकानात येऊन त्यांनी कॅटलॉग जागेवर ठेवले. दारातल्या बादलीत पाणी होते. हात धुवावेत असे त्यांना वाटले, पण ते तसेच टेबलाशी जाऊन बसले.