पेपरातली ओटी

कबड्डीच्या मैदानावर सगळ्या बायका विधवाच दिसतात. तोंड वाकडं करू नका, खरं तेच सांगते. पंच आधी नखं तपासतो, मग हात, मग गळा. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, सगळं काढून रुमालात बांधायचं आणि आमच्या कोच शालिग्राम सरांच्या पिशवीत टाकायचं, असा नियमच आहे. कुंकू असलं तर ते पहिल्या पाच मिनिटांत घामाबरोबर गेलं. धुळ्याच्या आमच्या संघात पुष्पासारख्या चांगल्या नांदत्या बायका होत्या, पण एकदा मैदानात उतरल्या की कोण सवाष्ण आणि कोण नाही, हे ब्रह्मदेवाच्या बापालाही सांगता आलं नसतं. म्हणून तर मला ते मैदान आवडायचं. सामना संपला की पुष्पा रुमाल सोडून बांगड्या चढवत बसायची. मी तिच्याशेजारी उगाच बुटाची नाडी सोडायची आणि पुन्हा बांधायची.

मी कुंदा. धुळ्याला मुलींच्या शाळेत शिपाई. नवरा पिंपळनेरला ट्रॅक्टर उलटून गेला, तेव्हा आमची दगी रांगत होती. शाळेत तिचं नाव मनीषा, पण तिच्या आधीचं एक पोर राहिलं नव्हतं, म्हणून सासूनं दगडाचं नाव ठेवलं. दगी म्हटलं की यमाची नजर जात नाही म्हणे. ट्रॅक्टर चालवणाऱ्याचंही नाव तेव्हाच बदलून घ्यायला हवं होतं.

सासू झुंबरबाई म्हणाली, पोरगी आमच्या रक्ताची, इथंच राहील, तुला जायचं तर जा. मी माहेरी आले. माहेर म्हणजे भाऊ रतिलालची एक खोली आणि ओटा. रात्री भांडी घासून झाली की चुलीसमोरची जागा माझी. तिथं दगीला कुठं आणू? शुक्रवारी बाजाराच्या दिवशी मी साक्रीवरून पिंपळनेर गाठायची. सासू मला घरात घ्यायची नाही, पण बाजारात निंबाच्या झाडाखाली दगीला माझ्यापाशी बसू द्यायची. आम्ही भजी खायचो. प्रत्येक वेळी दगी विचारायची, "माय, माले कव्हय लई जाशी?" आणि मी सांगायची, "घर झायं का लई जासू." घर झालं की नेईन, दुसरं काय सांगणार?

झुंबरबाईची अट एकच होती. मी विधवेसारखं राहायचं. कपाळ मोकळं, साडी फिकी. ते मी पाळत होते. कबड्डीचं तिला माहीत होतं, आणि ते तिला मुळीच खपायचं नाही. "चड्डी घालीसन गावभर नाचस," असं ती चारचौघांत म्हणायची. मग तेच शाळेतली पोरं दगीला म्हणायला लागली. तुनी माय तुले टाकी गई, धुळाले नाचस. एकदा भजी हातात तशीच धरून दगीनं मला विचारलं, "तू खरंच नाचस का?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पोरीला काय दाखवू? पंधरा वर्षं खेळत होते, जिल्ह्याच्या संघाची कॅप्टन होते, आणि घरात चिठोराभर पुरावा नव्हता. पुरुषांचा संघ हरला तरी पेपरात फोटो. आमचं काय, तर सगळ्यात खाली, केळीच्या भावाच्या वर, एक ओळ. "महिलांचेही सामने झाले." झाले म्हणे! आपोआप झाले, पाऊस पडल्यासारखे.

पण त्या वर्षी, ब्याण्णवची गोष्ट ही, जळगावच्या हस्तीमल शेठनी बायकांच्या स्पर्धेचा सगळा खर्च उचलला. साड्यांचं मोठं दुकान त्यांचं. कप त्यांचा, मांडव त्यांचा, जेवण त्यांचं. सगळ्या संघांना नवे टी-शर्ट दिले आणि प्रत्येकीच्या पाठीवर 'हस्तीमल साडी भांडार' छापलं. साडीची जाहिरात, आणि कोणाच्या अंगावर, तर चड्डीवाल्या बायकांच्या! आम्ही हसून हसून लोळलो. पण खोटं कशाला बोलू, नव्या कापडाचा वास बरा वाटला. शेठनी पेपरवाल्यांनाही सांगून ठेवलं होतं. फोटो मोठा येणार, आणि जिंकणाऱ्यांचा येणार.

मी आदल्या शुक्रवारी दगीला सांगून आले. "पेपरमा मना फोटो येई. भटूच्या चहाच्या दुकानावर पेपर येतो ना, तिथं बघ. पोरांनाही दाखव." तिनं विचारलं, एवढ्या बायांत तुला ओळखू कशी? म्हटलं, मधोमध असेल ती तुझी माय. कॅप्टन मधेच उभी राहते.

असं सांगून बसल्यावर हरायची सोय राहिली नाही.

फायनल यावलच्या संघाशी होती. केळीचे घड डोक्यावरून वाहणाऱ्या पोरी त्या, एकदा कंबर धरली की सुटका नाही. शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती आणि चढाई माझी. मी दम धरला, उजव्या कोपऱ्यातल्या पोरीला पाय लावला आणि वळले, तर दोघींनी मांड्या धरल्या. तोंडानं कबड्डी कबड्डी चालू, आणि डोक्यात नुसतं भटूचं दुकान. फरफटत गेले, गुडघे सोलले, पण बोटं रेषेपलीकडे पडली. शिट्टी वाजली आणि पुष्पा माझ्या पाठीवर येऊन आदळली. जिंकलो!

मग बक्षिसाचा कार्यक्रम. पुरुष जिंकले की शाल टाकतात, हार घालतात. आमचं काय करावं, हा मंडळींना प्रश्न पडला असावा. बायकांचा असा जाहीर मानपान कोणी केलाय कधी? स्पर्धेचे सेक्रेटरी निंबाभाऊ माईकवरून मोठ्या ऐटीत म्हणाले, "आता शेठजींच्या सौभाग्यवती राजकुंवरबाई आपल्या विजयी भगिनींची ओटी भरून त्यांचा सन्मान करतील."

ओटी! अहो, हा सामना होता का डोहाळजेवण?

राजकुंवरबाई ताट घेऊन आल्या. हळदकुंकू, खण, नारळ, तांदूळ. गोऱ्यापान, हसऱ्या बाई, मनात काही वाकडं नाही. पुष्पा आणि बाकीच्या मंगळसूत्र घालायला सरांच्या पिशवीकडे पळाल्या, तर फोटोवाला ओरडला, "असेच राहा, असेच राहा! खेळाडू वाटले पाहिजेत!" म्हणून सगळ्या तशाच उभ्या राहिल्या. उघडे गळे, मोकळे हात, धुळीनं भरलेली कपाळं. त्या रांगेत मी वेगळी कुठून दिसणार? राजकुंवरबाईंनी एका टोकापासून सुरुवात केली. पदर नव्हता, म्हणून पोरींनी टी-शर्टचं टोक पुढं धरलं.

शालिग्राम सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली. पुष्पानं कोपरानं ढोसलं. "कुंदे, मागं सर." तिचा हेतू वाईट नव्हता. मी अर्धं पाऊल मागं घेतलंही होतं. तेवढ्यात फोटोवाला पुन्हा ओरडला, "कॅप्टन कुठंय? कॅप्टन मधे!"

मधोमध असेल ती तुझी माय. मी सांगितलं होतं पोरीला.

मी पुढं झाले. राजकुंवरबाईंनी माझ्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. किती वर्षांनी कोणाचं तरी बोट माझ्या कपाळाला लागलं. टी-शर्टच्या झोळीत नारळ पडला, खण पडला, ओंजळभर तांदूळ पडले. पाप वाटलं का, असं विचाराल. नाही वाटलं. बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी हसले, आणि नेमकं तेव्हाच त्यानं बटण दाबलं.

फोटो आला की नाही? तीन कॉलम आला! मधोमध मी, ओटी भरलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू, दात दाखवून हसतेय. खाली नाव, अगदी बरोबर छापलेलं. 'ओटी स्वीकारताना कर्णधार कुंदाबाई.' शाळेत मोठ्या बाईंनी तो काचेत लावला. रतिलालनं शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. वहिनीनं मात्र पेपर बघितला, माझ्याकडे बघितलं आणि भाकरी थापायला बसली. मी तिकडे लक्षच दिलं नाही.

शुक्रवारी मी खण आणि नारळ पिशवीत घालून निघाले. खणाचं दगीला पोलकं होईल, नारळ तिच्या हातानं फोडू, असं सगळं बसमध्ये ठरवलं. बाजारात निंबाखाली कोणीच नव्हतं. वाट बघितली आणि मग सरळ सासूच्या घरी गेले.

झुंबरबाई अंगणात बसली होती. शेजारच्या दोघीतिघी होत्या. तिनं पेपरची घडी माझ्यापुढं टाकली.

"कोन शे तो?" तिनं विचारलं.

"कोण?"

"तुना नवा दादला. कोना संगे लगीन लावं तू?"

मला आधी हसूच आलं. मग तिचं तोंड बघितलं आणि हसू गेलं. मी सांगितलं, तो बक्षीस समारंभ होता. सगळ्यांचीच ओटी भरली. त्या शेठाणीला काही माहीत नव्हतं.

"तिले माहीत नव्हतं," झुंबरबाई म्हणाली. "तुले तं माहीत व्हतं ना?"

मी सगळ्यांना तोंडावर उत्तर देणारी बाई. पण पोरीला दिसावं म्हणून मी मधे राहिले, हे त्या बायांपुढं कसं सांगू? आणि सांगितलं असतं तरी विधवेची ओटी उगाच कोण भरतं? त्यांच्या हिशेबानं त्यांचं बरोबरच होतं.

"आते तुना संसार तू कर," झुंबरबाई म्हणाली. "या दारले पाय लावू नको."

तेवढ्यात दगी घरातून बाहेर आली. दोन वेण्या, लाल रिबिनी, पायात चपला. खांद्याला शाळेची पिशवी होती, ती फुगलेली. वरून फ्रॉकची बाही बाहेर लोंबत होती.

"माय, चाल," ती म्हणाली.

"कुठं?"

"तुना घर. आजी म्हने तुनं लगीन झायं. आते घर शे ना तुले? तूच म्हने व्हती, घर झायं का लई जासू." ती भराभर बोलत होती. पेपर आला त्या दिवसापासून तिनं पिशवी भरून ठेवली होती. शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं की मनी माय नाचत नही, कबड्डी खेळस, पेपरमा शे, आणि आते मी जाई राहिनू तिना घर.

मी खाली बसले, तिचे दंड धरले. "दगी, लगीन नाही झालं ग. घरबिर काही नाही. मी मामाकडेच आहे."

"मंग पेपरमा?"

"ते नुसतं बक्षीस होतं."

ती माझ्या कपाळाकडे बघत राहिली. तिथं आता काही नव्हतं. मग पेपरकडे बघितलं. तिथं होतं. माझ्या हसण्याकडेही बघितलं असेल. तिच्यासमोर मी तशी कधी हसलेच नव्हते.

"त्यासले मी नको का?" तिनं हळूच विचारलं.

"कोणाला ग?"

"नवा बापले."

मी ओरडले, रडले, तिला हलवलं. नवा बाप नाही, कोणी नाही, मी एकटी आहे, देवाची शपथ. जितकं जोरात सांगत होते तितकी ती मागं सरत होती. शेवटी तिनं पिशवीबाहेर आलेली बाही नीट आत कोंबली आणि घरात निघून गेली. तिनं दार लावून घेतलं नाही. पण मी उंबऱ्याजवळ जाताच झुंबरबाई उठून आडवी उभी राहिली.

खण आणि नारळ मी अंगणात ठेवून निघाले. झुंबरबाईनं शेजारणीकरवी ते माझ्यामागं धाडले. बसस्टँडवर पोहोचले तेव्हा दोन्ही पुन्हा माझ्या पिशवीत होते.

बसमध्ये कंडक्टरनं माझ्याकडे निरखून बघितलं. "ताई, तुम्ही पेपरातल्या ना? कबड्डीवाल्या? वा वा, जिल्ह्याचं नाव काढलं हो तुम्ही!" दोघातिघांनी माना वळवल्या. एका म्हाताऱ्यानं मला खिडकीची जागा दिली.

"कुठं, धुळं का?" कंडक्टरनं विचारलं. "किती जण?"

"एकटीच," मी म्हटलं.