दहा फुटांतले तीन इंच

आमच्या बाजारपेठेत नियम असा, की दुकानाची नवी भिंत घालायची तर रस्त्याच्या कडेपासून दहा फूट जागा मोकळी सोडायची. नियम चांगला आहे. माझा राग नियमावर नाही, माझ्यावरच आहे.

मी शिंपी. दुकान एवढंसं. पुढच्या भिंतीला पोट आलं म्हणून ती पाडून नवी घालायला काढली. गवंडी आपली लोखंडी टेप उघडायला लागला, तसा मी भडकलो. "तीस वर्षं मी मापं घेतोय. मला माप शिकवतोस?" गळ्यातली माझी टेप काढली, जमिनीवर दोनदा पसरली, पाच आणि पाच दहा, आणि खडूने रेघ मारली. गवंड्याने आपली टेप खिशात टाकली. त्याला काय, रेघेवर विटा रचायच्या.

गिलावा वाळतो न वाळतो तोच पालिकेचा इन्स्पेक्टर हजर. त्याने मोजलं. पुन्हा मोजलं.

"मास्तर, नऊ फूट नऊ इंच भरतंय. तीन इंच पुढे आलात. भिंत मागे घ्यावी लागेल."

मी वळून आत पाहिलं. कापायचं टेबल आत दोन भिंतींमध्ये जेमतेम बसलंय. भिंत तीन इंच मागे आली की टेबल बाहेर, आणि टेबल बाहेर म्हणजे धंदाच बाहेर.

"तुमची टेप चुकीची असेल," मी म्हणालो.

त्याने शांतपणे दोन्ही टेपा टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. माझी दीड इंच तोकडी. मी काही बोलायच्या आत काजं करत बसलेली माझी बायको म्हणाली, "अहो, पहिल्या इंचाकडचं टोक झिजलं म्हणून तुम्हीच नाही का कापलंत? आणि पितळी पट्टी परत ठोकलीत?"

घरभेदी म्हणतात ते यालाच.

कापलं होतं, सात वर्षांपूर्वी. त्याने कपड्यांचं काही बिघडलं नाही. ज्या टेपने माणूस मोजायचा त्याच टेपने कापड मोजायचं, दोन्हीकडे चूक सारखीच, फिटिंग चोख. पण रस्ता कुठे माझ्या टेपने आखलाय!

इन्स्पेक्टर मनाने वाईट नव्हता. "एक वाट आहे," तो म्हणाला. "चार इंचांपर्यंतची चूक प्रामाणिक असेल तर सूट मिळते. फक्त चूक काय झाली ते लिहून पंधरा दिवस दारावर लावायचं. कुणाची हरकत आली नाही, तर भिंत कायम."

म्हणजे शिंप्याने स्वतःच्या दारावर लिहायचं, की माझी टेप खोटी! त्यापेक्षा भिंत पाडलेली परवडली. मी तसं बोललोही. बायकोने दाताने दोरा तोडला.

"सांभाळा नाक. उद्यापासून कापड नाकावरच कापा."

लिहिलं. 'गेली सात वर्षे माझी टेप दीड इंच कमी आहे.' कागद चिकटवला आणि रस्त्याकडे पाठ करून बसलो. लाज वाटत होती, अगदी खरी लाज. आता कोण येणार माझ्याकडे कपडे शिवायला?

तासाभरात समोरचा चष्मेवाला आला, पोटावर हात ठेवून. "तरीच! मी म्हणतोय पॅन्ट आवळते कशी!" त्याच्यामागून औषधवाला. त्याच्यामागून बँकेतला कॅशियर, तीन पॅन्ट घेऊन. दुपारी दारात रांग लागली. सात वर्षांत वाढलेली अख्ख्या बाजारपेठेची पोटं माझ्या एका कागदाने निर्दोष ठरली होती.

"अहो, माप आणि कापड एकाच टेपने..." मी सुरुवात केली. बायकोने टेबलाखाली माझा पाय दाबला.

"जाडे झालात म्हणून सांगा त्यांना," ती पुटपुटली, "आणि मोजा हरकती."

मग काय, पंधरा दिवस मी खोटं बोललो. "चुकलंच माझं," म्हणत एकेकाची कंबर फुकटात उसवून सैल केली. माझ्या फिटिंगला नावं ठेवून घ्यायची, तीही माझ्याच तोंडाने! पण हरकत मात्र एकही आली नाही.

सोळाव्या दिवशी इन्स्पेक्टर आला. मंजुरीवर शिक्का मारला, सही केली, कागद माझ्या हातात दिला. भिंत वाचली. तरी तो दारात घुटमळत राहिला. मग हळूच पिशवीतून पॅन्ट काढली.

"मास्तर, तीन वर्षांपूर्वी तुम्हीच शिवलीत. त्या टेपनेच ना?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी हातातला शिक्क्याचा कागद पाहिला, घडी करून खिशात घातला आणि नवीकोरी टेप काढली. वहीत जुनं माप अडतीस. टेपचा दीड वजा केला, साडेछत्तीस. आता कंबर भरली साडेचाळीस.

पंधरा दिवस गिळलेलं सगळं वर आलं. "टेपचा दोष नाही, साहेब. माणूस आणि कापड एकाच टेपने मोजलंय. तुम्हीच चार इंच पुढे आलात."

त्याचा चेहरा पडला. "मग आता?"

"चार इंचांपर्यंत सूट आहे," मी म्हणालो. "फक्त लिहून पंधरा दिवस दारावर लावा."